जामीन

पुणे, सोमवार

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, काल झावळ्यांच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "देवाला माफच करायचं होतं, तर क्रुसावर येशूचं रक्त कशाला?" मिरजेच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं एकाच बाकावर बसलेल्या माणसाने हे विचारावं! मला काही सुचेना. आई मागून ओरडली, "आधी डोळ्यांत औषध घाला," म्हणून सुटले.

रात्री बायबलातलं लेवीय काढलं. इस्राएल लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे. एकाचा बळी, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इब्री लोकांस पत्र तर सरळ म्हणतं, बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पापं जात नाहीत. त्याच पत्रात येशूला 'जामीन' म्हटलंय. (मार्कात 'खंडणी' आहे. लहानपणी वाटायचं, देवाला कुणी धमकावलं?)

जामीन म्हणजे काय, हे आपल्या घराला कुणी सांगायला नको. काकांनी पतसंस्थेचे हप्ते थकवले आणि जामीन म्हणून कापला गेला तुमचा पगार. आईच्या पाटल्या गेल्या, माझी सायकल घ्यायची राहिली. किती राग यायचा तुमचा! पण संस्थेने कर्ज माफ केलं असतं, तरी खड्डा सभासदांच्या ठेवीतच पडला असता ना? माफीचीही झळ कुणाला तरी बसतेच.

मात्र इथे आपला दाखला लंगडा पडतो. धर्मपंडित अन्सेल्मने १०९८ मध्ये येशूच्या मरणाला देवाच्या मानाचं देणं म्हटलं, पुढे धर्मसुधारक कॅल्विनने आपल्या जागी भोगलेली गुन्हेगाराची शिक्षा म्हटलं. आपल्याकडच्या प्रवचनात त्याचं होतं रागावलेला बाप आणि मार खाणारा निरपराध मुलगा. ते मला पटत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, ख्रिस्तामध्ये देवच जगाशी समेट करत होता. म्हणजे ज्याचं येणं होतं, त्यानेच भरलं. आपली पतसंस्था कुठे भरणार होती!

आणि काका? कर्ज फिटून वीस वर्षं झाली, तरी अजून आपल्या दारावरून मान खाली घालून जातात. फिटलंय, हे आपण त्यांना कधी बोलूनच दाखवलं नाही. मीही नाही.

गुरुवारी रात्री पोचते. कपाटातला कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला काढून ठेवा. शुक्रवारी उपासना झाली की आपण तिघं त्यांच्याकडे जाऊ. आई, तू कुरकुरशील, माहीत आहे. तरी चल.

तुमची,
थोरली