प्रायोगिकवाल्यांनी जत्रेतही यावं

संपादक महोदय,

प्रायोगिक नाटकात सिनेमाचं गाणं किंवा रिअ‍ॅलिटी शोचा थाट दिसला की 'बाजारू' म्हणून नाक मुरडलं जातं. मला ते पटत नाही. आमच्या सिंधुदुर्गातला दशावतार पाहा, गावोगावच्या जत्रांत रात्रभर रंगणारं हे लोकनाट्य. पेटी, पखवाज, झांज आणि राजाच्या तोंडी चक्क नाट्यपद! ही पदं तिकिटावर चालणाऱ्या संगीत नाटकांतून आली, म्हणजे त्या काळच्या धंदेवाईक कलेतूनच. आता ट्रिकसीनही, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारे प्रसंगही आलेत, आणि पहाटेपर्यंत म्हातारी माणसं जागची हलत नाहीत. संवाद मात्र नट आजही उभ्या उभ्या रचतो. तरुण रंगकर्मींनी हे रात्रभर बसून पाहावं. आणि आमच्या नाट्यगृहांनी त्यांना तालमीसाठी परवडणारी जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यरसिक, कुडाळ