निकाल वाचून दाखवणाऱ्या पोरांना

प्रिय पोरांनो आणि पोरींनो,

तुमच्यातले बरेच जण आता पास होऊन वकील झाले असतील, कुणी मुंबईत, कुणी दिल्लीत. तुमच्या लॉ कॉलेजच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र तुमच्या हातात पडेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्यांदेखतच लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला २०१८ साली जन्मठेप झाली. निकालाची प्रत त्याला लगेच फुकट मिळाली, त्यात खोट नाही. ती द्यावीच लागते. १९७८ साली होसकोट नावाच्या माणसाच्या खटल्यात, तो खटलाही महाराष्ट्रातलाच, सुप्रीम कोर्टाने ते बजावून सांगितलंय, हे मला तुमच्याकडूनच कळलं. पण प्रत ६२ पानांची आणि इंग्रजीत. भाऊ नववी नापास. त्याने सही केली, घडी घालून पिशवीत ठेवली. सव्वा वर्ष ती तिथेच.

हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस. एका वकिलाने माझ्याकडून चाळीस हजार घेतले आणि "दाखल झालंय, नंबर लागेल" म्हणत राहिला. मी एसटीत कंडक्टर, डबल ड्युट्या करून ते पैसे उभे केले होते. अपील दाखलच नव्हतं. ते तुम्ही मोबाइलवर पाच मिनिटांत शोधलंत आणि विलंब माफीच्या अर्जाला लागलात. त्या वकिलाबद्दल इतकं पुरे.

मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. तुरुंगातल्या मुलाखतीला येऊन तुमच्यातल्या दोघांनी तो निकाल भावाला मराठीत वाचून दाखवला. सगळा. तीन शनिवार लागले. नंतर तो मला म्हणाला, "आक्का, मला शिक्षा कशापायी झाली ते आत्ता कळलं."

मग साक्षीदारांचे जबाब. ते मराठीत, हायकोर्टाला हवेत इंग्रजीत. एका रात्री साडेनऊला फोन आला: "ताई, कडब्याची गंजी म्हणजे नेमकं काय? किती उंच असते? पलीकडचा माणूस दिसतो का?" मी हसले आधी. मग भाकरी तव्यावर तशीच राहिली. भावाला शेवटचं पाहिलं म्हणणारा साक्षीदार गंजीच्या अलीकडे उभा होता, आणि भाऊ म्हणे पलीकडे. आमच्या गंज्या, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या रचलेल्या राशी, दोन पुरुष उंच. खालच्या कोर्टात हे कुणी विचारलंच नव्हतं.

पोलिसांनी जप्त केलेल्या कपड्यांचंही तसंच. जप्तीच्या पंचनाम्यात सील केल्याचा उल्लेखच नाही, आणि एकोणीस दिवसांनी प्रयोगशाळेत मुद्देमाल पोचला तो सीलबंद! मग सील लागलं कधी, कुठे? माझ्या तिकिटांत आणि रोकडीत दहा रुपयांचा फरक पडला तरी आगारात जाब द्यावा लागतो. तुम्ही मला पुण्याच्या सारडा खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा १९८४ चा निकाल सांगितलात, की डोळ्यांनी पाहणारा नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जोडलेल्या, म्हणजे परिस्थितीजन्य, पुराव्याची साखळी कुठे तुटलेली चालत नाही. मला ते लगेच पटलं.

तुम्हाला तेव्हा वकिलीची सनद नव्हती, कोर्टात उभं राहता येत नव्हतं. बोलल्या त्या वकीलबाई, एक पैसा न घेता. तुम्ही मागच्या बाकावर. पण त्यांनी उलटलेल्या पानापानावर तुमच्या पिवळ्या खुणा मला दिसत होत्या. (तुमच्यातला एक जण मला फोनवर "अपीलकर्त्याच्या भगिनी" म्हणायचा. बाळा, ताईच बरं.)

२०२२ मध्ये शिक्षेला स्थगिती मिळाली आणि भाऊ जामिनावर घरी आला. अपिलाचा निकाल अजून लागायचाय. तो सुटेलच असा शब्द तुम्ही कधी दिला नाहीत. चाळीस हजारांचा शब्द ऐकून झालेल्या बाईला तेच बरं वाटलं.

आणि हो, तुमच्यातली ती लातूरची मुलगी, तुझा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय. पत्ता कळव, आमच्या गाडीने पाठवून देते. रिकामा नाही पाठवणार.

तुमची,
कंडक्टर ताई