एक शाळा, एक पुस्तक : निवड कानाने करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की ‘सगळ्या शाळेने एकच पुस्तक वाचायचे’ असे अनेक शाळा ठरवतात. कल्पना फार मोलाची आहे. पण पुस्तक ठरते शिक्षकांच्या बैठकीत, कुणाला लहानपणी काय आवडले होते यावर, आणि उपक्रम तिथेच फसतो.

पहिली ते सातवीला एकच पुस्तक द्यायचे तर बहुतेक मुले ते ऐकणार आहेत. म्हणून निवडही कानानेच करावी. तीन पुस्तके घ्यावीत. प्रत्येकाची पहिली दोन-तीन पाने, काहीही प्रास्ताविक न करता, आधी तिसरीत आणि मग सातवीत मोठ्याने वाचावीत आणि मध्येच थांबावे. ‘पुढं काय झालं?’ हे दोन्ही वर्गांतून आले तर ते पुस्तक घ्यावे. तिसरीत चुळबुळ सुरू झाली तर दोष बहुधा लांबलेल्या वर्णनाचा असतो. सातवीतली मुले एकमेकांकडे बघून हसू लागली तर त्यांना ते बाळबोध वाटते आहे. आणि एकेका वाक्यात वाचणाऱ्यालाच धाप लागत असेल तर लेखक कितीही थोर असो, ते पुस्तक बाजूला ठेवावे.

समजेल असे वाचताना मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. रोज २० मिनिटे म्हणजे २,००० शब्द, नेहमीच्या आकाराची आठेक पाने. शाळेचे १५ दिवस धरले तर १२० पाने झाली. त्याहून जाड पुस्तक ऑक्टोबरात सत्र परीक्षेखाली दबते, मग दिवाळीची सुट्टी लागते. त्यापेक्षा जुलैचा उत्तरार्ध बरा.

‘श्यामची आई’ची निवड अनेकदा होते. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ते कुणालाही छापता येते आणि स्वस्तात मिळते. मात्र सर्व प्रती एकाच आवृत्तीच्या घ्याव्यात, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत आणि वर्गाचा निम्मा वेळ पान शोधण्यात जातो. सगळ्या ‘रात्री’, म्हणजे त्यातली प्रकरणे, पंधरवड्यात बसत नाहीत, तेव्हा निवडक घ्याव्यात. पत्रावळीच्या प्रसंगाआधी पाने आणि काड्या वर्गात आणून एक पत्रावळ लावून दाखवावी. शब्दार्थ फळ्यावर लिहिण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

२१० पटाच्या शाळेला ४० प्रती पुरतात : सात वर्गशिक्षकांना सात, पाचवी ते सातवीच्या ९० मुलांत तिघांत एक म्हणून ३०, आणि तीन राखीव. पहिली-दुसरीला तोच भाग शिक्षकांनी आपल्या शब्दांत सांगावा. घरी अहिराणी, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीत. वाचून झाल्यावर सारांश, निबंध, प्रश्नपत्रिका कृपया नकोत. उद्या परीक्षा आहे असे कळले की मूल गोष्ट सोडून उत्तरे शोधू लागते.

शेवटी, प्रती कपाटातच राहतात त्यामागे भीती असते. पुस्तक हरवले तर दाखल नोंदवहीवर, म्हणजे शाळेत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीच्या वहीवर, सही करणाऱ्या शिक्षकाला भरपाई द्यावी लागेल ही ती भीती. फाटलेल्या-हरवलेल्या प्रती निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, ठराव शाळा व्यवस्थापन समितीने वाचन सुरू होण्यापूर्वीच करावा आणि त्याची प्रत त्या शिक्षकाच्या हाती द्यावी.

– काही भाषाशिक्षक व ग्रंथपाल, सातारा