‘हृदयासाठी एक ग्लास’ हा सल्ला आता छापू नका

मा. संपादक,
स. न.

‘रोज एक ग्लास वाइन हृदयाला हितकारक’ हा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत पुन्हा छापून आला. पुन्हा म्हणते, कारण गेली वीस वर्षं मी तो कुठे ना कुठे वाचते आहे, आणि माझ्या ताईने तो मनोभावे पाळला. रात्री जेवताना एक ग्लास, दुसरा कधीच नाही. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘मद्यपान’ या रकान्यापुढे तिने ‘नाही’ लिहिलं. मी कोपराने खुणावलं तर म्हणाली, “अगं, मी ते औषधासारखं घेते. त्याला काय पिणं म्हणतात?”

तिचा आजार त्या ग्लासामुळेच झाला, असं मी म्हणत नाही. एकट्यादुकट्या माणसाच्या बाबतीत ते छातीठोकपणे सांगताच येत नाही. पण रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, हे मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. ताईच्या कानावर ते कधी आलंच नाही.

१० ग्रॅम म्हणजे व्हिस्कीचा जेमतेम ३० मिलिलिटरचा पेग. ताई जिथपर्यंत वाइन ओतायची तिथपर्यंत मी तिच्या ग्लासात पाणी भरलं आणि मापात ओतून पाहिलं. २०० मिलिलिटर भरलं. १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये त्याचे झाले १९ ग्रॅम. ती एक मोजत होती, शरीरात जवळजवळ दोन जात होते.

पेय कुठलंही असो, शरीर त्यातल्या अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं आणि ती इजा भरून येऊ देत नाही. शिवाय अल्कोहोलमुळे इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन वाढतं, म्हणून स्तनाचा धोका. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत आणि मोठं आतडं यांच्या कर्करोगांशीही त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात टाकलं ते १९८८ मध्ये. तंबाखूही त्याच गटात आहे.

मग हृदयाचं काय? थोडी घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं जुन्या पाहण्यांत दिसायचं. पण ‘न घेणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही होती. आधीच खंगलेल्यांशी तुलना केली तर थोडी घेणारा ठणठणीतच दिसणार! शिवाय बेताने घेणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारे, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणारे. ब्रिटिश संशोधकांनी ही गफलत १९८८ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. पुढे या गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्यावर तो फायदा बराचसा विरून गेला. उलट रक्तदाब आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

आठवड्यातून एखादा पेग घेणाऱ्याचा धोका लहान असतो, हे मला मान्य आहे. घाबरवायला मी हे लिहीत नाही. पण लहान धोका म्हणजे फायदा नव्हे. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. युरोप विभागात दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांपैकी निम्मे ‘थोडी’ आणि ‘बेताची’ पिणाऱ्यांत होतात, हेही त्याच निवेदनात आहे.

माझी विनंती एवढीच, की दुरुस्ती छापावी, आणि ती तो सल्ला जिथे आला त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने. उपचार संपल्यावर ताईने मला विचारलं होतं, “एवढं माहीत होतं, तर मला कुणी सांगितलं का नाही?” ती आजही आपली पुरवणी पहिल्या पानापासून वाचते.

आपली,
एक नियमित वाचक