घंटा व्हायला पाच मिनिटं असताना

नागपूर

तीर्थस्वरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "शिकवणं लवकर आटोपलं तर त्या एवढ्याशा पोरांना गप्प कसं बसवतेस?" तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं राहून गेलं, म्हणून लिहिते. बाबा, मी त्यांना गप्प बसवत नाही.

दुसरीच्या वर्गात अशी मिनिटं रोज हाती येतात. परिपाठ लवकर संपतो, पोषण आहाराची गाडी यायची असते, गणित सोडवून होतं आणि घंटेला अजून अवकाश असतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटलं की वर्ग शांत होतो खरा, पण सात वर्षांच्या लेकराला बोट तोंडावर ठेवायला शिकवणं मला पटत नाही. मोबाईलवर गाणं लावून देणंही नाही. पुस्तक मिटलेलं आहे, कुणी मार्क देणार नाही, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. दिवसातली माझी सर्वांत आवडती वेळ हीच.

सध्या वर्गाला वेड लागलंय ते संख्या ओळखण्याचं. एकाने १ ते १०० मधली संख्या मनात धरायची, बाकीच्यांनी विचारायचं, त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. जुलैत शाळा उघडली तेव्हा मुलं सरळ "बारा आहे का? चाळीस आहे का?" असं विचारायची आणि खेळ संपतच नसे. मग एका मुलीने विचारलं, "पन्नासपेक्षा मोठी हाय का जी?" आणि अर्धे आकडे एका फटक्यात बाद झाले. आता सगळे असंच निम्मं-निम्मं करत जातात. नीट निम्मं केलं तर सात प्रश्नांत कोणतीही संख्या सापडतेच, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. कधीतरी त्यांचं त्यांना कळू दे.

यातून एक मोठी अडचणही सुटत चालली आहे. बाबा, २०१९ साली दुसरीच्या गणितात सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणायचं आलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती, आठवतं ना? मुलांची अडचण खरीच आहे. एकोणऐंशी ऐकलं की कानात ऐंशी राहतं आणि पोरं ८९ लिहितात. पण खेळात "ऐंशीपेक्षा लहान? हो. सत्तरपेक्षा मोठी? हो," असं करत गेलं की एकोणऐंशी ऐंशीच्या अलीकडे, अगदी दाराशी उभी आहे, हे त्यांना दिसतं.

विचारल्यावर मी थांबते, मनात तीन अंक मोजते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांत बसून हे मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक बहुतेक वेळा एक सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. आई, तू भाजी निवडता निवडता कोडं घालायचीस आणि आमचं उत्तर येईपर्यंत मान वर करायची नाहीस. तुझी ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ आणि ‘बारा जण जेवायला, तीन जण वाढायला’ ही दोन्ही वर्गात पाठ झाली आहेत. घड्याळाचं उत्तर यायला फार वेळ लागला, पण आलं ते मागच्या बाकावरून. त्या मुलीच्या घरी गोंडी बोलतात आणि जुलैभर ती वर्गात मोठ्याने एक शब्द बोलली नव्हती. आता रोज कुणीतरी तिला गोंडीत मोजायला लावतं आणि सगळा वर्ग तिच्यामागून ‘उंदी’पासून सुरू होतो.

सांगायचं होतं ते मात्र मारबतीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळतात, रोगराई-इडापीडा त्यांच्यासोबत जावी म्हणून. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते म्हणतात. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी यंदाही बघितली. दुसऱ्या दिवशी गाडीची वाट बघत बसलो असताना मी म्हटलं, आपण आपली मारबत काढू. प्रत्येकाने एक नको असलेली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "घेऊन जा गे मारबत!" खोकला गेला, डास गेले, गल्लीतला चिखल गेला, मोठ्या भावाचा मार गेला. मग एक मुलगा उठला आणि हळूच म्हणाला, "बाबांची बाटली." कुणी हसलं नाही. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधीच सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "घेऊन जा गे मारबत!" तो बसला आणि शेजारच्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

पुस्तकातल्या कोणत्याच धड्यात त्याला हे बोलता आलं नसतं. नंतर त्याच्या आईला बोलावलं, आम्ही दोघी बराच वेळ बोललो. बाकीचं घरी आल्यावर सांगेन.

आता माझं काम. आई, तुझी कोडी आठवतील तशी फोनमध्ये बोलून पाठव. उत्तरं लगेच सांगू नकोस, मलाही जरा शोधू दे. आणि बाबा, संत्र्याचा हिशोब करताना तुम्ही ज्या पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणता, त्या मला पूर्ण हव्या आहेत. पाऊणकी माझी सात पाऊण सव्वापाचच्या पुढे अडखळते. दुसरीला त्या कठीणच, पण पाव, अर्धा, पाऊण एवढं कानावर पडलं तरी चौथीत अपूर्णांक परका वाटणार नाही. सावकाश म्हणा, मला उतरवून घ्यायच्या आहेत.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. दिवाळीची सुट्टी लागली की त्याच संध्याकाळच्या बसने निघते.

तुमची लेक