मधल्या प्रॉक्सीत हरवणारे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॉगिन करताच ब्राउझरमध्ये भलताच, आतल्या सर्व्हरचा पत्ता दिसावा आणि पान उघडूच नये, हा अनुभव अनेक वाचकांना आला असेल. अशा वेळी ठपका प्रोग्रामरवर येतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र दोष बहुधा मधल्या प्रॉक्सींत, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरांत, सापडतो.

आपल्याला कोणते संकेतस्थळ हवे आहे, हे ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ‘होस्ट’ हेडरमध्ये, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीच्या एका ओळीत, सांगतो. लॉगिननंतर कुठे जायचे तो पत्ता अनेकदा याच नावावरून तयार होतो. एचटीटीपी १.१ मध्ये हे हेडर बंधनकारक असून ते नसल्यास सर्व्हरने ४०० ही त्रुटी परत करायची असते. विनंती एकामागून एक दोन-तीन रिव्हर्स प्रॉक्सींतून (संकेतस्थळाच्या बाजूने बसवलेल्या प्रॉक्सींतून) जाते तेव्हा खरी गंमत सुरू होते, कारण प्रॉक्सीच्या सगळ्या सॉफ्टवेअरची मूळची रीत एकसारखी नाही. वेगळे काही सांगितले नसेल तर एनजिनएक्स तिथे पुढच्या सर्व्हरचे नाव घालतो, अपाचेतही ‘प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट’ (आलेले नाव जपण्याची सोय) मुळात बंदच असते, आणि एचएप्रॉक्सी मात्र आलेले नाव जसेच्या तसे पुढे धाडतो.

आमच्या एनजिनएक्समध्ये सर्व्हर ब्लॉकात, म्हणजे पूर्ण संकेतस्थळासाठीच्या सेटिंगमध्ये, होस्टचे नाव पुढे पाठवण्याची ओळ व्यवस्थित होती. ग्राहकाचा खरा आयपी कळावा म्हणून कुणीतरी एका ‘लोकेशन’मध्ये (त्यातल्या एका मार्गापुरत्या सेटिंगमध्ये) आणखी एक ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’, म्हणजे पुढे कोणते हेडर पाठवायचे ते सांगणारी ओळ, लिहिले आणि फक्त त्याच मार्गावरचे नाव गेले. आतल्या पातळीवर अशी एक जरी ओळ असली तरी वरच्या सगळ्या ओळी तिथे लागू होत नाहीत. आम्ही दोन दिवस प्रोग्राम तपासत बसलो होतो!

यावर घाईचा उपाय म्हणून ‘एक्स-फॉरवर्डेड-होस्ट’वर, म्हणजे मूळ नाव वेगळे कळवणाऱ्या हेडरवर, डोळे झाकून विश्वास ठेवला जातो, आणि तो मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. हे हेडर कोणीही बाहेरून पाठवू शकतो. त्यावरून पासवर्ड बदलण्याची लिंक तयार होत असेल, तर ती हल्लेखोराच्या पत्त्यासह खातेदाराच्या ईमेलमध्ये पोहोचते. शिवाय असे हेडर आधीच आलेले असले तर अपाचे त्यात स्वल्पविराम देऊन आणखी एक नाव जोडतो, आणि त्यांतले कोणते घ्यायचे हा प्रश्न उरतोच. म्हणून सर्वांत बाहेरच्या प्रॉक्सीने बाहेरून आलेले हे हेडर टाकून स्वतःचे लिहावे, आतल्यांनी ते न बदलता पुढे द्यावे आणि अॅप्लिकेशनने मान्य नावांची यादी बाळगावी.

एनजिनएक्स आणि अपाचे यांच्या नेहमीच्या ‘कंबाइन्ड’ लॉगमध्ये (विनंत्यांच्या नोंदवहीत) होस्टचे नाव नोंदलेच जात नाही. प्रत्येक थरावर तेवढी एक नोंद वाढवलेली असती, तर आमचे ते दोन दिवस वाचले असते.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक