गाडी नेली, माळढोक राहिला

संपादक महोदय,

जानेवारीत एका सहल कंपनीच्या बसने जैसलमेरला गेले होते. छापील कार्यक्रमात ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ ठळक अक्षरांत होते. प्रत्यक्षात बस थांबली ती सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर. उंट, जीप आणि रात्री तंबूंमध्ये डीजे. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या उद्यानाबद्दल गाइड एवढेच म्हणाला, “तिथे बघण्यासारखं काही नाही.”

काही नाही कसे? उद्यानातल्या सुदासरी या भागात, कुंपणातल्या सेवण गवतात माळढोक आहेत, चिंकारा आहेत. तिकडे माळढोकाला गोडावण म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. पक्ष्याला उडताना नाकासमोरचे नीट दिसत नाही, जड अंग चटकन वळवता येत नाही, म्हणून तो वीजतारांवर आपटून मरतो. या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो सैल केला. पवनचक्क्या आणि तारा बसच्या खिडकीतून दिसतच होत्या. गाइडने तेवढे जरी सांगितले असते!

मी सोलापूरची. आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आता माळढोक दिसला तर बातमी होते, त्यामुळे माझा राग जरा जास्त असेल. पण महाराष्ट्रातून बस नेणाऱ्या कंपन्यांनी वन खात्याची परवानगी काढून एक सकाळ सुदासरीला द्यावी. ज्यांना उंटच हवा, त्यांना संध्याकाळ आहेच. आणि ते जमणार नसेल, तर कार्यक्रमपत्रिकेतून उद्यानाचे नाव काढावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर